कणी

अब्बांनी मला काही शिकवलं नाही.
देगीपाशी पोरींना उभं करत नसत,
रामपुरात, निदान आमच्या गल्लीत.
शिकवायचे ते लईकला, आणि मी
न्हाणीच्या भिंतीआड लसूण सोलत ऐकायचे:

“पाणी नितळ होईतो धू. चोळू नकोस.
दोन वर्षं पोत्यात निजलेला दाणा आहे, हलक्या हातानं उठव.”
“भिजला की दुधासारखा पांढरा होईल, त्याआधी चूल पेटवायची नाही.”
“आधणात मीठ इतकं, की चाखणाऱ्यानं तोंड वाकडं करावं.”
“वैरलास की एकदाच हलव.
मग झारा खाली, हात पाठीशी.”

लईक आता दम्मामला क्रेन चालवतो.
देगी माझ्याकडे आल्या,
कल्हईच्या आणि लाकूडवाल्याच्या उधारीसकट.
पहिल्या लग्नात नवऱ्यामुलाच्या चुलत्यानं विचारलं होतं,
“बावर्ची कुठाय?”
मी एक शीत काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

सगळी गोष्ट त्या एका शितात असते.
अंगठा आणि तर्जनीत धरून चेपायचं.
दोन जागी टोचलं तर थांबायचं.
एकाच जागी टोचलं, खसखशीएवढं,
तर ती एक कणी, आणि आता धावायचं:
उपसायचा, मटणावर पसरायचा,
कणकेनं कड लिंपायची, झाकणावर निखारे.
राहिलेली कणी वाफ आतल्या आत सोडवते,
आपण ऐकत बसायचं.
साध्या भाताला मात्र कणी उरू द्यायची नाही.
चाळणीत निथळवून, झाकून,
दहा मिनिटं त्याची आठवणसुद्धा काढायची नाही.

या थंडीत अब्बांचं उजवं अंग गेलं.
डॉक्टर म्हणाले, भात द्या, पण अगदी मऊ,
गिळता आला पाहिजे.

त्यात काय, मला वाटलं.
पहिल्या दिवशीचा भात: शीत न् शीत सुटं, लांबसडक,
बशीत सांडलं तर वेचून घ्यावं असं.
तो त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून घरंगळला.
दुसऱ्या दिवशी पाणी वाढवलं,
पण ऐन वेळी हात आपोआप चाळणीकडे गेला.
तिसऱ्या दिवशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.
तरी तो बिलासपूरचा जुना तांदूळ,
फुगला, वाकला,
एकमेकाला चिकटेना.

भात बिघडवायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.
भिंतीआडून ते कधी ऐकू आलं नव्हतं.

सरवरी खाला गच्चीवरून हसली.
“अगं नुदरत, कणी आण कणी! नव्या तांदळाची.
चौपट पाणी घाल, आणि विसरून जा.”

कणी.
गिरणीत मोडलेले दाणे, कोंबड्यांना टाकतात ते.
किराणा दुकानात मी आवाज खाली आणून मागितली,
पाव किलो, ओढणीखाली धरून घरी आणली.
तसद्दुक मियाँची पोरगी कणी नेते,
हे संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं.

रटरट शिजली. फुटली. तिची पेज झाली.
मी डावाच्या पाठीनं घोटत राहिले,
आणि खरं सांगते, अंगावर काटा आला,
कुणाच्या तरी ताटात थुंकावं तसा.

उशीला टेकवून अब्बांना बसवलं.
पहिला घास भरवणार, तोच
डावा हात वाटीत गेला.
अंगठा आणि तर्जनी. सवयच ती.
चेपलं.
पुन्हा चेपलं.
बोटांना टोचण्यासारखं काही नव्हतं,
तरी बराच वेळ ते शोधत राहिले,
नजर छताकडे, जसे देगीपाशी उभे असत.

मग जड जिभेनं, एकेक अक्षर ओढत, विचारलं,
“लईकनं... केला?”

मी हो म्हटलं.

त्यांचा चांगला होता तो गाल हलला.
त्यांनी तोंड उघडलं.